नायलॉनची वेसण

धाडच्या आठवडी बाजारात जनावरांच्या दोरांची दोन दुकानं लागतात, त्यातलं एक आमचं. कासरे, दावी, मोरक्या, गोठ्यातली आणि गाडीची सगळी दोरी आमच्याकडे मिळते. माणसं येतात, दोर दोन्ही मुठींत धरून ताणतात, मग माझ्याकडे बघून विचारतात, बा कुठं गेले? मी सांगते, बा घरी आहेत आणि हा दोर मीच वळलेला आहे. ते ऐकल्यावर दोर पुन्हा एकदा ताणून बघतात. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. अजून जोरात ओढा, म्हणते. दोर तुटत नाही. गिऱ्हाईक हसतं आणि घेऊन जातं.

बा म्हणजे माझे वडील. दोर वळायचं काम आमच्या घरात त्यांच्या आजोबांच्याही आधीपासूनचं. मला ते कुणी बसवून शिकवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. चाक फिरवायला घरातलं कुणीतरी लागायचं, मी मोकळी सापडायचे. चाक फिरवता फिरवता कोणत्या दोराला किती पीळ सोसतो ते हाताला कळत गेलं. पुढे मी वस्त्रोद्योगातली पदविका घेतली आणि गुजरातेत एका कारखान्यात काही वर्षं नोकरी केली. तिथे कृत्रिम धागा मऊ करायचं काम चाले. गावात सगळ्यांना वाटायचं की मी कापडाच्या दुकानात कामाला आहे. मी समजावून समजावून थकले आणि शेवटी हो म्हणायला लागले. आईचे गुडघे गेले तेव्हा परत आले, आणि आले ती इथलीच झाले. त्याचं मला दुःख नाही.

आता वेसणीचं सांगते. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवून कानामागे बांधलेली दोरी. कासरा ओढला की ती नाकावर येते, म्हणून एवढं मोठं जनावर एवढ्याशा दोरीचं ऐकतं. पोळ्याच्या दिवशी जुनी वेसण काढून नवी घालतात. आमच्या गावात मानाच्या जोडीची वेसण आमच्या घरून जाते. बा ती स्वतःच्या हातानं घालतात, आणि ज्यानं वेसण घातली तो त्या दिवशी वेशीत बांधलेल्या तोरणापर्यंत बैलाच्या तोंडाजवळून चालतो. मालक मागे असतो, वाजंत्री त्याच्याही मागे. बांना गावानं दिलेला मान म्हणजे एवढाच, वर्षातून एकदा, गोठ्यापासून तोरणापर्यंतचा रस्ता. पण त्यासाठी ते पांढरा सदरा वेगळा ठेवत.

बांच्या तरुणपणी वेसण सुताची किंवा अंबाडीची असे. आता अंबाडी भाजीपुरती उरली, शेतात सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. सुताची वेसण लाळेनं भिजून कुजते, शेतकरी म्हणतात वर्षभर टिकणारी द्या. म्हणून बांनी बाजारातल्या नायलॉनच्या दोरीची वेसण करायला सुरुवात केली. खरं तर बाजारात नायलॉन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा नायलॉन नसतंच, स्वस्त प्लास्टिकचं कडक सूत असतं. मी हे सांगितलं तेव्हा बांनी मान हलवली आणि तीच दोरी घेतली, कारण दुसरी मिळत नव्हती.

आणि मागच्या पोळ्याला ते झालं. मानाची जोडी ज्यांची, त्या मोठ्या शेतकऱ्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्या पांढऱ्या बैलाला बांनी नवी वेसण ओवली. बैलानं मान झटकली, फुरफुरला, तरी ओवली गेली. तोरणाकडे जाताना अर्ध्या रस्त्यात त्याच्या नाकातून रक्त ठिबकायला लागलं, आणि मारुतीच्या पारापाशी येईपर्यंत पुढचे पाय लाल झाले. वाजंत्री थांबली. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, त्यांनी तोंडं फिरवली. काकांनी तिथेच वेसण कापायला लावली आणि बैल तोरणाखालून न नेता परत नेला. संध्याकाळी ते आमच्या दारात आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात बांना सांगितलं, पुढच्या सालापासून वेसण जालन्याच्या बाजारातून आणू, तू त्रास नको घेऊ. बा बरं म्हणाले.

त्यानंतर वर्षभर बा काकांच्या गल्लीनं गेले नाहीत. पिठाची गिरणी त्याच गल्लीत आहे, तर ते मागच्या ओढ्याकडून फिरून जात. माझा जीव तुटायचा ते बघून, आणि त्याहून जास्त संताप यायचा. बांचा नव्हे, काकांचाही नव्हे. त्या दोरीचा.

कापलेली वेसण मी उचलून घरी आणली होती. ती नीट पाहिल्यावर मला कळलं की नाक नुसत्या कडक सुतानं फाटलेलं नव्हतं. नायलॉनच्या दोरीचं टोक उसवू नये म्हणून सगळेच ते काडीनं जाळतात. जळलेलं टोक वितळतं, मग बोटांनी दाबून त्याला अणी काढायची, म्हणजे बैलाच्या नाकातून ओवायला सोपं जातं. बांनीही तेच केलं होतं. ते वितळलेलं टोक थंड झाल्यावर काचेसारखं झालं होतं आणि त्याला एका बाजूला धार आली होती. सुताच्या वेसणीला हे कधीच करावं लागत नव्हतं. नवीचं टोक जुनीच्या शेपटाला सुईदोऱ्यानं शिवायचं आणि जुनी ओढून काढायची, मागोमाग नवी आत जाते. नायलॉन इतकं गुळगुळीत की त्यात टाका टिकत नाही, म्हणून ती पद्धत सुटली.

म्हणजे मला असं सूत हवं होतं जे नायलॉनसारखं टिकेल, कापसासारखं मऊ असेल आणि ज्यात टाका धरेल. असं सूत कसं होतं ते मला माहीत होतं. मी तेच तर करत होते कारखान्यात.

कारखान्यातून निघालेला कृत्रिम धागा सरळसोट असतो, त्याचे तंतू एकमेकांना घट्ट चिकटून असतात. त्याला फुगवायची एक युक्ती आहे, आणि ती ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली त्याला मी कामावर असताना मनातल्या मनात नमस्कार करायचे. धाग्याला कचकचून पीळ द्यायचा. पिळातच तापवायचा आणि पिळातच थंड होऊ द्यायचा. मग सगळा पीळ काढून टाकायचा. धागा सुटतो, पण तापताना प्रत्येक तंतू जसा वाकला होता तसाच वाकडा राहतो. वाकडे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये हवा राहते आणि धागा लोकरीसारखा फुगतो. तुमच्या पायातले मोजे असेच होतात. पूर्वी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या यंत्रांवर करत, वेळ फार जाई. मग कुणीतरी एकाच यंत्रात धाग्याला एकीकडून पीळ घालायचा आणि पुढे लगेच काढायचा अशी सोय केली, आणि सगळ्या जगातले मोजे स्वस्त झाले. ते यंत्र आमच्या घरापेक्षा लांब असतं. मला वेसणीपुरतंच सूत हवं होतं, म्हणून मी जुन्या पद्धतीनं करायचं ठरवलं.

मी बांना सांगितलं, येत्या पोळ्याला वेसण आपल्याच घरची जाणार. ते वीत वीत दोर मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "बैलाचं नाक हाय ते. तुह्या कारखान्यातलं कापड नाही."

मी खरं नायलॉन मागवलं. जाळ्या विणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून रिळं आली. दोर वळायच्या चाकाला शिलाई मशीनची मोटर लावली, त्यामुळे पीळ झटपट आणि सारखा बसायला लागला. तापवण्यासाठी आधी इस्त्री वापरली. धाग्याची पट्टी झाली, चपटी आणि पिवळी. मग बोअरचा जुना लोखंडी पाइप दोन विटांवर आडवा ठेवला, प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली आणि नळीचं दुसरं तोंड पाइपात घातलं. पिळलेला धागा पाइपातून ताणून ठेवायचा आणि आतून वाफ सोडायची. आईनं कुकर गेल्याची तक्रार केली नाही, पण डाळ पातेल्यात शिजवताना येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची की आमच्या घरी आजकाल दोऱ्याचं वरण करतात. बायका मला विचारायच्या, शिजलं का बाई?

नव्हतं शिजत. पीळ दिला, वाफ दिली, पीळ काढला की धागा पहिल्यासारखा सरळ. वाफ वाढवली. पीळ वाढवला. धागा तुटला, पण फुगला नाही. आठवड्यामागून आठवडा हेच चाललं आणि मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागले. बा रोज तिथून जात, पाइपाकडे बघत आणि पुढे होत. त्यांचं ते बघणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं.

एका दुपारी वाफ देऊन झाली आणि पीळ काढणार तोच लाइट गेली. मोटर बंद. हातानं चाक फिरवायचा मला कंटाळा आला होता, मी तशीच जेवायला गेले. जेवून, आईशी कशावरून तरी भांडून परत आले तोवर लाइट आली होती. पाइप गार पडला होता. मी पीळ काढला आणि धागा माझ्या डोळ्यांसमोर फुगत गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळाच्या सगळा. मी तो गालाला लावला. मऊ होता. मला रडू आलं आणि हसूही, कारण गोष्ट किती साधी होती. कारखान्यात तापवायच्या पट्टीनंतर धागा थंड व्हायची एक लांब पट्टी असते. तिच्यापाशी उभं राहून मी कितीदा चहा प्यायले होते. यंत्रच सगळं करत असल्यामुळे धाग्याला गार व्हायला उसंत द्यायची असते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. घरी मी गरम धाग्याचाच पीळ काढत होते. घाई माझ्या स्वभावातच आहे, आई म्हणते ते खरं आहे.

त्यानंतर अडलं नाही. अर्ध्या धाग्यांना उजवा पीळ दिला आणि अर्ध्यांना डावा, नाहीतर फुगलेला धागा स्वतःभोवतीच वळवळत बसतो. दोन्ही एकत्र घेऊन वेसण वळली. वळल्यावर तिच्यातून तंतूंचे बारीक फासे बाहेर डोकावत होते, त्यात भुसा अडकला असता. म्हणून वेसण ताणून पुन्हा एकदा वाफेतून काढली आणि ताणातच गार केली. फासे बसले. हाताला ती सुतासारखी लागत होती, आणि जोर लावून ओढली तर तुटायचं नाव घेत नव्हती. मी ती बांच्या खुंटीला टांगली.

आमच्या घरातली वेसण बाहेर पडण्याआधी ती वळणारा माणूस स्वतःच्या नाकाखाली, वरच्या ओठावर घासून बघतो. तिथली कातडी नाजूक. आपल्याला टोचलं तर बैलाला टोचणार, इतका साधा हिशेब. बाजारची दोरी आल्यापासून बांनी हे बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी चहा घेत होते आणि ते वेसण हातात घेऊन दारात उभे होते. त्यांचा वरचा ओठ लाल झाला होता, म्हणजे बराच वेळ घासून पाहिलं असावं.

"टोचत नाही," ते म्हणाले. मग टोक उलटंसुलटं करून पाहिलं. "जाळलं काऊन नाही?"

मी सांगितलं की जाळायची गरज नाही, यात टाका धरतो, सुताच्या वेसणीसारखी शिवून ओढून घ्यायची. आणि जे इतके महिने सांगायचं टाळलं होतं तेही सांगून टाकलं, की मागच्या साली नाक फाटलं ते जाळलेल्या टोकानं. मला वाटलं, ठपका दोरीवर गेला की त्यांना हलकं वाटेल.

बांनी टोकावरून अंगठा फिरवला. "टोक तं मीच जाळलं व्हतं," म्हणाले आणि वेसण खुंटीला लावून गेले.

काकांकडे मी एकटीच गेले. ते गोठ्यात होते. त्यांनी वेसण बोटांत फिरवली आणि म्हणाले, हे सूत आहे, नायलॉन म्हणून काय सांगतेस. मी खिशातली काडेपेटी काढली, एक धागा जाळून दाखवला. तो वितळून गोळा झाला, तेव्हा त्यांना पटलं. मग ते बैलापाशी गेले. जखम भरल्यावर गड्यानं घातलेली सुताची वेसण त्याच्या नाकात होती. नाकाच्या पाळीवर आतून एक पांढरट व्रण होता. मी म्हटलं, वेसण आमची असेल तर घालतील बाच. माझा आवाज चढला असावा, कारण ते हसले. "मी कुठं नाही म्हनतो? बैलानं घेऊ दिली तं घालू. तुह्या बापाले घेऊन ये."

हे मी घरी सांगितलं तेव्हा बा दोर मोजत राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी तो पांढरा सदरा स्वतः धुऊन वाळत घातला. मी आईला खुणेनं दाखवला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघून उगाच हसत होतो. मला खात्री होती. वेसण इतकी चांगली झाली होती की मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पोळ्याला दुपारी काकांच्या गोठ्यात गेलो. बैल धुऊन, शिंगं रंगवून उभे होते. गडी, काका, दोनचार शेजारी जमले होते. बांनी वेसण हातात घेतली, सुईत दोरा ओवला आणि पांढऱ्या बैलाजवळ गेले. बैलानं त्यांच्या हाताचा वास घेतला आणि झटक्यात मागे सरकला. डोकं वर करून भिंतीला टेकला, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. बा थांबले, मऊ आवाजात बोलत दुसऱ्या बाजूनं गेले. तो फिरला. गड्यानं कासरा धरायचा प्रयत्न केला, काकांनी त्याला हातानं थांबवलं. मग बांनी वेसण खांद्यावर टाकली आणि दोन्ही हात रिकामे करून त्याला दाखवले. बैल थरथरत होता. त्याला वेसणीची भीती नव्हती, रिकाम्या हातांनाही तो बुजत होता. त्याला बांची भीती होती.

बा मागे सरले, इतके मागे की बैलानं मान खाली घेतली. मग वेसण आणि सुई माझ्यापुढे धरली.

"याले माह्या हाताचं भेव बसलं. तू घाल."

मी नाही म्हटलं. मी म्हटलं, बा, हे सगळं मी तुमच्यासाठी केलं.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "घाल."

मी जवळ गेले तेव्हा बैलानं माझा हात हुंगला आणि मान झटकली नाही. मी जुन्या वेसणीची कानामागची गाठ सोडली, तिच्या शेपटाला नवीचं टोक शिवलं, टाके घट्ट ओढले आणि जुनी हळूहळू ओढत गेले. मागोमाग नवी आत शिरली. बैलानं जीभ बाहेर काढून नाकपुडी चाटली. कुठेही रक्त नव्हतं. कानामागे गाठ मारताना ढील किती ठेवायची ते मला कळेना, मी वळून पाहिलं. बा बैलाला दिसू नये म्हणून गाडीच्या चाकामागे जाऊन उभे होते. तिथूनच त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली. मी दोन बोटांची ढील ठेवून गाठ मारली.

काकांनी वाजंत्रीला निघायला सांगितलं आणि मला म्हणाले, चल, पुढं हो. आमच्या गावात बैलाच्या तोंडाजवळून कुणी बाई कधी चालली नव्हती, पण वेसण मी घातली होती आणि त्याबद्दल कुणी वाद घातला नाही. मी बैलाबरोबर निघाले. पाराजवळ आरतीची ताटं घेऊन बायका उभ्या होत्या, मागच्या साली तोंड फिरवलेल्या त्याच. त्या आधी बैलाच्या नाकाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मला अभिमान वाटत होता, तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. आणि वाईटही वाटत होतं, कारण ज्यांना हा रस्ता परत मिळवून द्यायला मी निघाले होते त्यांच्या जागेवर मी स्वतः चालत होते.

बा शेवटी होते, वाजंत्रीच्याही मागे, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. तोरणापाशी सगळे दाटीनं उभे राहिले तेव्हा कुणीतरी त्यांना ओरडून विचारलं की वेसण तुमच्या घरची, मग एवढे मागं काऊन उभे राहिले?

"माह्या पोरीची हाय," बा तिथूनच म्हणाले. "मी पुढं आलो तं बैल बिथरते."